रँडच्या शेजारची लोटी

ब्लूमफाँटेनबाहेरच्या एका पेट्रोल पंपावर माझी पहिली फजिती झाली. लेसोथोची राजधानी मासेरूला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. शनिवारचा दिवस, बायकोला घेऊन सीमेपलीकडे, दक्षिण आफ्रिकेत, दीडशे किलोमीटरवर खरेदीला गेलो होतो. परतताना टाकी भरली आणि पंपावरच्या पोराच्या हातात लेसोथोच्या शंभराच्या सहा नोटा ठेवल्या. त्याने त्या उलटसुलट करून पाहिल्या, हसला आणि परत माझ्या हातात दिल्या. या इथे चालत नाहीत म्हणाला. कार्डाचं मशीन बंद, मागे गाड्यांची रांग आणि बायकोची नजर. पेट्रोल तर टाकीत पडलेलं.

मागच्या पिकअपमध्ये अंगावर घोंगडी लपेटलेला एक म्हातारा बसला होता. लोकर आणि रंग पाहताच बासोथो, म्हणजे लेसोथोचा, माणूस म्हणून ओळखावा, अशी ती घोंगडी. तो उतरून आला, माझ्या सहा नोटा घेतल्या, स्वतःच्या खिशातून शंभर रँडच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या चलनाच्या, सहा नोटा काढून दिल्या आणि पुन्हा गाडीत जाऊन बसला. एक पैसा जास्त घेतला नाही. त्याला काय, सोमवारी मासेरूच्या बाजारात त्या नोटा तशाच चालणार होत्या.

मी हिशेबनीस माणूस. तरीही लेसोथोची सेंट्रल बँक नेमकं काय करते, ते मला त्या म्हाताऱ्यामुळे कळलं. त्याने पंपावर एकदा केलं तेच ही बँक रोज, अख्ख्या देशासाठी करते.

आधी देशाबद्दल थोडं, कारण घरून फोन आला की अजूनही कुणीतरी विचारतंच, "म्हणजे नेमकं कुठे?" उच्चार लेसूटू असा आहे, पण मराठीत आपण लेसोथो लिहितो, तर तेच ठेवू. आकाराने पुणे जिल्ह्याच्या दुप्पट, लोकसंख्या बावीस-तेवीस लाख, आणि चारही बाजूंनी एकच देश, दक्षिण आफ्रिका. सगळा मुलूख डोंगराळ. सर्वांत खालची जागासुद्धा समुद्रसपाटीपासून 1400 मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही थोडी उंच. जून-जुलैत डोंगरांवर बर्फ पडतो. ब्रिटिशांकडून 4 ऑक्टोबर 1966 ला स्वतंत्र झालेलं हे एक राज्य, राजा आहे आणि पंतप्रधानही.

चलनाचं नाव लोटी. सेसोथो भाषेत लोटी म्हणजे डोंगर, अनेकवचन मलोटी. मिरजेच्या आत्याला हे सांगितलं तेव्हा ती पाच मिनिटं हसत होती. "म्हणजे तुला पगार लोटीत मिळतो? भरून देतात की रिकामी?" तिच्या देवघरात तांब्याची एक लोटी आहे, तेव्हापासून तिचं नाव आमच्यात 'लेसोथो' पडलंय.

एक लोटी बरोबर एक रँड. हा भाव 1980 मध्ये लोटी सुरू झाली तेव्हापासून असाच आहे. रँड लेसोथोत कायदेशीर चलन आहे, दुकानात दोन्ही चालतात. लोटी मात्र दक्षिण आफ्रिकेत चालत नाही. सीमेलगतच्या लेडीब्रँडमध्ये गिऱ्हाइकं मासेरूचीच असल्याने बरेच दुकानदार घेतात. ब्लूमफाँटेनला काय होतं ते वर सांगितलंच.

आपल्याकडच्या लोकांना हे समजावायला माझ्याकडे भूतान आहे. भूतानचं न्गुल्त्रम भारतीय रुपयाला एकास एक बांधलेलं. त्यांच्या सीमेवरच्या फुंत्शोलिंगच्या बाजारात रुपया बिनदिक्कत चालतो. अलीकडे आपल्या जयगावात न्गुल्त्रम घेणारे भेटतात, पण मुंबईत दाखवलं तर लोक खेळातल्या नोटा समजतील. लेसोथो म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा भूतान. फक्त याला दुसऱ्या बाजूला चीनची सीमाही नाही.

आता गंमत अशी, की बहुतेक देशांत मध्यवर्ती बँक म्हटलं की पहिली आठवण व्याजदराची येते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने रेपो रेट पाव टक्का खाली आणला की दुसऱ्या दिवशी घरोघरी हप्त्याचे हिशेब सुरू होतात. इथे तसं नाही. दर दोन महिन्यांनी प्रिटोरियात दक्षिण आफ्रिकेच्या रिझर्व्ह बँकेची बैठक होते, दर ठरतो, आणि मग काही दिवसांत मासेरूची समिती बसते. समितीतली माणसं अभ्यासू, त्यांची निवेदनं मी आवर्जून वाचतो. जगाची परिस्थिती, आफ्रिकेची परिस्थिती, लेसोथोतली महागाई, सगळं त्यात असतं. पण शेवटी आकडा प्रिटोरियाच्या आसपासच राहतो. राहावाच लागतो. मासेरूत व्याज फार कमी ठेवलं तर पैसा नदी ओलांडून पलीकडे जाईल. सीमेवरच्या मोहोकारे नदीवरचा पूल ओलांडायला दहा मिनिटं पुरतात, पैशाला तर तेवढीही लागत नाहीत.

2020 च्या जुलैत, कोविडच्या दिवसांत, दक्षिण आफ्रिकेचा दर 3.5 टक्क्यांवर आला, आणि लेसोथोही मागोमाग खाली उतरला. मग तिकडे दर चढत चढत 2023 च्या मे महिन्यात 8.25 वर गेला, तर हेही जिना चढले. एखाद-दोन पायऱ्या मागे राहिले असतील, पण जिना तोच.

शेजाऱ्याच्या भांडणाचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. 9 डिसेंबर 2015, बुधवार. दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झुमा यांनी अर्थमंत्री न्हलान्हला नेने यांना अचानक काढलं. त्यांच्या जागी बाहेरच्या कुणाला फारसा माहीत नसलेला खासदार बसवला, बाजार कोसळला, आणि रविवारी रात्री त्यालाही हलवून प्रवीण गोरधन यांना परत आणलं. पाच दिवसांत तीन अर्थमंत्री. या सगळ्यात लेसोथोचा कुणी खिजगणतीतही नव्हता, पण रँड घसरला म्हणजे लोटी घसरली. सांगलीच्या फ्लॅटचा हप्ता मी इथून पाठवत होतो. त्या महिन्यात तेवढ्याच रुपयांसाठी जास्त मलोटी मोजल्या. बायको म्हणाली, "इथल्या सरकारने केलं काय पण?" काहीच नाही. तेच तर.

मग ही बँक करते काय?

ती एक शब्द पाळते. कुणीही लोटी घेऊन आलं, तर तेवढाच रँड मिळेल. एवढंच. पण हा शब्द पाळायचा तर हाताशी रँड आणि परकीय चलन कायम असावं लागतं. करारानेही लोटीच्या मागे पूर्ण पाठबळ ठेवायचं बंधन आहे. म्हणून इथल्या समितीच्या निवेदनात व्याजदराइतकाच, माझ्या मते त्याहून महत्त्वाचा, आकडा असतो परकीय गंगाजळीच्या किमान पातळीचा. यापेक्षा खाली जायचं नाही, अशी रेघ. व्याजदराची बातमी पेपरात पहिल्या पानावर येते आणि ही रेघ आतल्या पानावर. मी उलटं छापलं असतं.

ही गंगाजळी भरते कशी आणि आटते कशी, ते आमच्या घाऊक किराणा दुकानाच्या वहीत बसूनही दिसतं. भरणारा सर्वांत मोठा नळ म्हणजे कस्टम्स युनियन. दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, नामिबिया, एस्वातिनी आणि लेसोथो यांची जकात एकत्र गोळा होते आणि ठरलेल्या सूत्राने वाटली जाते. ही व्यवस्था 1910 पासूनची, जगातली सर्वांत जुनी समजली जाते. दर तिमाहीला लेसोथोचा वाटा रँडमध्ये येतो. काही वर्षी सरकारच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास भाग याच एका ओळीतून आला आहे. रँड बँकेच्या साठ्यात जातो आणि सरकारच्या खात्यावर तेवढ्या मलोटी जमा होतात. दुसरा नळ अक्षरशः पाण्याचा. 1986 च्या करारानुसार कात्से धरणातलं पाणी बोगद्यांतून जोहान्सबर्गकडे जातं, 1998 पासून सुरू आहे, आणि त्याची रॉयल्टी इकडे येते. तिसरा, पूर्वी फार मोठा असलेला आणि आता बारीक झालेला, खाणकामगारांचा पैसा. 1980 च्या दशकात लाखाहून जास्त बासोथो पुरुष पलीकडच्या सोन्याच्या खाणींत होते. त्यांच्या पगारातला ठरावीक हिस्सा सक्तीने लेसोथोतल्या बँकेत जमा व्हायचा, घरी परतल्यावरच हातात पडायचा.

आटणं सोपं आहे. सरकार पगार देतं. शिक्षिका पगारातून आमच्या दुकानातून मक्याच्या पिठाची पोती, तेल, साखर नेते. आम्ही मलोटी बँकेत भरतो. आणि आमचा माल? तो पलीकडूनच येतो, मीठसुद्धा. पुरवठादाराला रँड द्यायचे. आमची व्यापारी बँक ते रँड सेंट्रल बँकेकडून घेते. म्हणजे शिक्षिकेचा पगार झाल्यावर आठवड्याभरात त्यातला बराचसा भाग गंगाजळीतून नदीपलीकडे गेलेला असतो. सरकारने उत्पन्नापेक्षा जास्त खर्च केला की हा वेग वाढतो. एरवी अर्थमंत्र्यांच्या उधळपट्टीवर बँकेने व्याजदर वाढवून कान धरायचा, तर ती सोय नाही. नोटा छापून भागवायचं, तर त्या नोटांमागे रँड लागतात, तेही नाही. उरतं ते एवढंच, गव्हर्नरने अर्थमंत्र्यांना पुन्हा पुन्हा सांगायचं, साहेब, पातळी बघा. त्यात एक मजा झाली. रेत्सेलिसित्सोए मात्लान्याने बाई बरीच वर्षं गव्हर्नर होत्या, आणि 2022 च्या निवडणुकीनंतर त्याच अर्थमंत्री झाल्या. सांगणारीच ऐकणाऱ्या खुर्चीत जाऊन बसली. सासूचीच सून झाल्यासारखं.

टाकी आटली तर काय, हे भूतानने 2012 मध्ये पाहिलं. आयात फुगली, कर्जं फुगली आणि रुपयेच संपत आले. बँकांनी रुपये देताना हात आखडते घेतले, व्यापाऱ्यांची पळापळ झाली. मासेरूतल्या एका निवृत्त बँकरला मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "न्ताते, आमच्या स्वप्नात तेच येतं." न्ताते म्हणजे वडील. कुठल्याही पुरुषाला आदराने म्हणायचं, जसं आपण दादा, काका म्हणतो. बाईला म्मे, आई.

आमच्या गल्ल्यावर जी म्मे बसते, तिच्याकडून मी चलनशास्त्राचा एक धडा शिकलो. शुक्रवारी दुपारी चारनंतर तिच्या खणातले रँड संपतात. सकाळपासून दोन्ही नोटा येत असतात, पण ज्याला शनिवारी पलीकडे जायचंय, तो सुट्टे घेताना हळूच म्हणतो, "म्मे, रँड दे ना." ती पण चतुर. रँडच्या नोटा खणाच्या तळाशी, मलोटी वर. ओळखीच्या गिऱ्हाइकालाच तळातली नोट निघते. सोमवारपर्यंत शहरातले सगळे रँड उशांखाली आणि बॅगांत गेलेले, चलनात फक्त मलोटी. कमी चालणारं चलन फिरतं आणि जास्त चालणारं दडतं, हे कॉलेजात ग्रेशमच्या नावाने पाठ केलं होतं. दोन्हींची किंमत कायद्याने अगदी सारखी, तरी माणसाचं बोट बरोबर ओळखतं. संध्याकाळी नोटा वेगळ्या करायचं काम माझ्याकडे असतं. मलोटीवर तीन राजे आहेत, सध्याचे लेत्सिए तिसरे, त्यांचे वडील मोशोएशोए दुसरे आणि देशाचे संस्थापक मोशोएशोए पहिले. रँडच्या पुढच्या बाजूला मंडेला. मंडेला एका गठ्ठ्यात, राजे दुसऱ्या.

मग एवढी कटकट करून स्वतःची नोट ठेवायची कशाला? 1980 पर्यंत इथे रँडच चालत होता, काही बिघडलं नव्हतं. हा प्रश्न मी पहिल्या वर्षी सगळ्यांना विचारला. बहुतेक जण राष्ट्राभिमान म्हणाले. तो आहेच. पण त्यात हिशेबही आहे. दुसऱ्याची नोट वापरणं म्हणजे त्याला बिनव्याजी कर्ज देणं. लेसोथोतल्या माणसाने शंभर रँड कमावून उशीखाली ठेवले, तर त्याने माल किंवा श्रम दिलेत आणि बदल्यात दक्षिण आफ्रिकेने फक्त कागद. तेच शंभर मलोटी असतील, तर मागचे शंभर रँड सेंट्रल बँक रोख्यांत गुंतवते आणि व्याज लेसोथोला मिळतं. 1974 मध्ये रँड वापरणाऱ्या शेजाऱ्यांचा करार झाला, त्यात दक्षिण आफ्रिकेने हे मान्य केलं आणि या शेजाऱ्यांच्या देशांत फिरणाऱ्या रँडसाठी त्यांना भरपाई द्यायचं कबूल केलं. पुढे 1986 मध्ये तो करार नव्याने झाला, 1992 मध्ये नामिबियाही आला. लेसोथोला ती भरपाई अजून मिळते. छोट्याने मोठ्याकडून भाडं वसूल करावं, असं हे दुर्मिळ प्रकरण आहे.

बोत्स्वानाने मात्र 1974 च्या करारात यायचंच नाकारलं. 1976 मध्ये पुला नावाचं स्वतःचं चलन काढलं आणि आपली वाट धरली. त्यांच्याकडे हिरे होते. लेसोथोतही हिरे आहेत, 2006 मध्ये लेत्सेंगच्या खाणीत 603 कॅरेटचा एक सापडला. पण एवढ्या देशाचा संसार चालावा इतके नाहीत.

व्याजदर हातात नसला तरी या बँकेचं एक काम मला व्याजदरापेक्षा मोठं वाटतं, आणि ते मला गल्ल्यावरच्या म्मेनेच सांगितलं. इथे गावोगाव 'म्पाते शेलेंग' असतात. शब्दशः अर्थ, मला शिलिंगाने पुरा. रँड यायच्या आधी इथे पौंड-शिलिंग होते, तेव्हाचा हा शब्द. दरमहा वर्गणी भरायची, घरात कुणी गेलं की मंडळ अंत्यविधीचा खर्च करतं. बैल कापावा लागतो, गाव जेवतं, इथला अंत्यविधी स्वस्त नसतो. आपली भिशी आणि मयत फंड यांच्या मधलं काहीतरी. सगळा कारभार विश्वासावर, वहीत, एखाद्या थोराड म्मेच्या घरी.

याच विश्वासावर एक मोठा डोलारा उभा राहिला होता. अंत्यविधी मंडळाच्या नावाने सुरू झालेल्या एका समूहाने लोकांकडून ठेवी घ्यायला सुरुवात केली, परतावा असा की कुठलीच बँक देणार नाही. अर्थात जुन्यांना नव्यांच्या पैशातून. सेंट्रल बँकेने 2007 मध्ये त्याला कुलूप लावलं. आमच्या म्मेच्या आईने खाणीत नवरा गेल्यावर मिळालेली रक्कम तिथे ठेवली होती. "लोक चिडले कुणावर, माहितीय?" म्मे मला सांगत होती. "बँकेवर. चाललं होतं ना, व्याज मिळत होतं ना, मग बंद का केलं? आईसुद्धा तेच म्हणायची." मी म्हटलं, "आणि तू?" तिने नोटांच्या गठ्ठ्याला रबर लावलं. "मी म्हणते, बंद करायला एवढा उशीर का केला?"

आपल्याकडे दामदुप्पटच्या योजना बुडाल्या तेव्हा रांगेत उभे राहिलेले चेहरे मला आठवले. तिची आईसुद्धा बरोबर होती आणि तीसुद्धा.

आता छोटे विमा, सावकारी कंपन्या, फोनवरचे पैसे, सगळ्यांवर याच बँकेची नजर असते. फोनवरचे पैसे 2012-13 पासून आले आणि डोंगरातल्या गावांचं चित्र बदललं. चार बँका आहेत देशात, तीन दक्षिण आफ्रिकन आणि एक सरकारी पोस्टबँक. त्यांच्या शाखा गावोगाव कशा पोचणार? पण तट्टूवरून चार तास अंतरावर राहणारा गुराखी फोनवर पैसे घेतो. एजंट बहुतेक वेळा गावातली दुकानदारीण, जिचा माल आमच्याकडून जातो. तिचा रोख पैसा संपला की ती आधी मला फोन करते.

2025 चं साल मात्र कुणालाच काही करता येईना असं गेलं. मार्चमध्ये ट्रम्प म्हणाले, लेसोथो नाव कुणी ऐकलेलं नाही. एप्रिलमध्ये लेसोथोवर 50 टक्के आयातशुल्क जाहीर झालं, त्या यादीतलं सर्वांत जास्त. इथल्या शिलाई कारखान्यांतल्या जीन्स 2000 सालच्या एका अमेरिकी कायद्यामुळे तिकडे बिनशुल्क जात होत्या. ऑगस्टमध्ये शुल्क 15 टक्क्यांवर आलं, पण तोपर्यंत ऑर्डरी गेल्या होत्या. जुलैत सरकारने बेरोजगारीमुळे आपत्ती जाहीर केली. थेत्सानेच्या कारखान्यांतून सुटणाऱ्या बायका पगाराच्या दिवशी आमच्याकडे यायच्या, पोत्याऐवजी पाच किलोची पिशवी न्यायला लागल्या. दुसऱ्या एखाद्या देशाने अशा वेळी चलन थोडं घसरू दिलं असतं, माल स्वस्त केला असता. लोटीला ती मुभा नाही. रँड जिथे, लोटी तिथे. मला वाटतं हा सौदा तरीही फायद्याचा आहे. सीमेपलीकडून बहुतेक सामान घेणाऱ्या घराने रोज बदलणारा भाव सहन केला नसता. पण त्या पिशव्या मोजताना हे बोलायला जीभ रेटत नाही.

गेल्या दिवाळीला मिरजेला गेलो तेव्हा आत्यासाठी पन्नास मलोटीची कोरी नोट नेली. तिने ती चष्मा लावून पाहिली, राजांना नमस्कार केला आणि देवघरातल्या लोटीत गुंडाळी करून ठेवली.

"मोडायची झाली तर कुठे मोडायची?" तिने विचारलं.

म्हटलं, "मासेरूत. नाहीतर लेडीब्रँडला."

"आणि ब्लूमफाँटेनला?"

"ब्लूमफाँटेनला मागच्या गाडीत घोंगडीवाला म्हातारा आहे का बघायचं."